गोदावरीच्या पाण्यात खडक मोजताना

मराठवाड्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असताना मी पीएच.डी.साठी नोंदणी केली आणि नदीच्या पाण्याचे रसायन हा विषय घेतला. विषय ठरण्यामागे एक विसंगती होती. जिथे उष्णता आणि पाणी भरपूर तिथे खडकाचे रासायनिक विदारण जलद होते, असे कोणतेही पाठ्यपुस्तक सांगते, आणि या हिशेबाने विषुववृत्तीय वर्षावनांतील नद्या विरघळलेल्या क्षारांनी भरलेल्या असायला हव्यात. प्रत्यक्षात ॲमेझॉनची मोठी उपनदी रिओ नेग्रो हिच्या पाण्याची विद्युतवाहकता दर सेंटिमीटरला १० मायक्रोसिमेन्सच्या आसपास असते, म्हणजे ते पाणी जवळजवळ पावसाच्या पाण्याइतकेच कोरे असते, आणि त्याचा सामू ४ ते ५ च्या दरम्यान राहतो. याउलट, वर्षाकाठी जेमतेम ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस मिळणाऱ्या आमच्या भागातील गोदावरीचा सामू ८ च्या आसपास आणि विद्युतवाहकता कित्येक शेकड्यांत असते. मग खडक अधिक झिजतो तो कुठे? हा प्रश्न मी मार्गदर्शक सरांपुढे ठेवला. त्यांनी उत्तर दिले नाही. एक पूर्ण जलवर्ष, म्हणजे एका पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत, नदी मोजा, मग बोलू, एवढेच ते म्हणाले.

ज्या क्रियेचा माग काढायचा होता ती सांगायला सोपी आहे. पावसाचे पाणी हवेतून, आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात मुळांच्या श्वसनामुळे मातीत साठलेल्या हवेतून, कार्बन डायऑक्साइड घेते. त्याचे सौम्य कार्बोनिक आम्ल होते आणि हे आम्ल खडकातील सिलिकेट खनिजे हळूहळू फोडते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि सिलिका पाण्यात उतरतात, कार्बन बायकार्बोनेटच्या रूपाने त्यांच्याबरोबर निघतो आणि जागेवर चिकणमातीची खनिजे उरतात. कॅल्शियमयुक्त फेल्डस्पारचा एक रेणू फुटताना कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू खर्ची पडतात. समुद्रात पोचल्यावर शिंपल्यांच्या आणि चुनखडकाच्या रूपाने त्यांतील एक कायमचा अडकतो व दुसरा हवेत परततो. हॅरल्ड यूरी यांनी १९५२ मध्ये या साखळीकडे लक्ष वेधले होते, आणि वॉकर, हेज व कास्टिंग यांनी १९८१ मध्ये पृथ्वीचे तापमान लाखो वर्षांच्या मापाने सांभाळणारी यंत्रणा म्हणून तिची मांडणी केली. नदीचे पाणी मोजणे म्हणजे या व्यवहाराची पावती वाचणे होय. पण त्या पावतीवर इतर अनेकांच्या नोंदीही चढलेल्या असतात, आणि माझे बहुतेक श्रम त्या वेगळ्या काढण्यात गेले.

नमुन्यांची ठिकाणे ठरवताना खडक आधी पाहिला. मराठवाड्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टने, व्यापलेला आहे. गोदावरी नाशिक जिल्ह्यात उगम पावते ती याच खडकावर आणि पैठण, गंगाखेड, नांदेड असा प्रवास करते तोही याच खडकावरून. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण टोकाला, देगलूर-बिलोलीच्या बाजूला, बेसाल्ट संपून खालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. त्यामुळे मुख्य नदीवर पैठणच्या खाली, गंगाखेडच्या पुलावर आणि नांदेडच्या वर, शिवाय पूर्णा नदीवर संगमाच्या अलीकडे अशी ठिकाणे घेतली. यांच्या जोडीला दोन लहान ओढे निवडले, एक अजिंठ्याच्या डोंगररांगेत गौताळ्याच्या बाजूचा आणि दुसरा देगलूरकडचा. या ओढ्यांच्या वरच्या अंगाला गाव नव्हते व शेतीही नगण्य होती. मोठी नदी सगळ्यांची असते. खडकाचे खरे बोलणे ऐकायचे तर असा एखादा निर्जन ओढाच हाताशी हवा, हे मी आता आग्रहाने सांगेन.

तयारीचा भाग कंटाळवाणा असला तरी त्यात हयगय चालत नाही. सिलिका मोजायची असल्याने काचेच्या बाटल्या बाद होत्या, कारण काच स्वतःच सिलिकेट आहे. पॉलिथिनच्या बाटल्या सौम्य नायट्रिक आम्लात बुडवून ठेवायच्या, मग शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा विसळायच्या, सुकवायच्या आणि झाकण लावून पिशवीत बांधायच्या, हे काम आमच्या प्रयोगशाळेतील मामांनी माझ्याइतक्याच निष्ठेने केले. प्रत्येक फेरीला दोन बाटल्या शुद्ध पाण्याने भरून नेत असू व नमुन्यासारखीच सगळी वागणूक देऊन परत आणत असू, म्हणजे आमच्याच हातून किती मीठ मिसळते ते कळावे.

नदीवरचे काम सकाळीच सुरू करायचे, असा नियम होता. उन्हाळ्यात प्रवाह थांबून डोह उरतात आणि त्यांतील शेवाळ दुपारी प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. त्यामुळे त्याच डोहाचा सामू सकाळी वेगळा आणि दुपारी तीन वाजता वेगळाच भरतो. पुलावरून दोरीला बांधलेली प्लॅस्टिकची बादली मध्यधारेत सोडायची, पहिले पाणी फेकून द्यायचे, दुसरे घ्यायचे. सामूमापक ४, ७ आणि ९.२ च्या प्रमाणद्रावणांवर त्या-त्या जागीच लावून घ्यावा लागे, कारण मे महिन्याच्या उन्हात द्रावणांचे मूल्यच किंचित सरकते. तापमान, सामू आणि विद्युतवाहकता यांची नोंद झाली की ०.४५ मायक्रॉनच्या गाळण-पडद्यातून पाणी गाळायचे आणि दोन बाटल्यांत वाटायचे. धातूंच्या आयनांसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून सामू २ च्या खाली आणायचा. क्लोराइड, सल्फेट आणि नायट्रेटसाठीची बाटली मात्र आम्लाविना बर्फाच्या पेटीत ठेवायची.

पावसाळ्यात या गाळण्यानेच सर्वांत अधिक वेळ खाल्ला. पुराचे पाणी काळ्या मातीने भरलेले असते आणि या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची, पाण्याने फुगणारी सूक्ष्म चिकणमाती असते. हातपंपाने निर्वात करूनही पडदा काही घोटांतच तुंबायचा. तो बदलायचा, पुन्हा पंप मारायचा, आणि अर्धा लिटर स्वच्छ पाणी मिळेपर्यंत पुलावरची वर्दळ आमच्याभोवती थांबून चौकशी करायची. गंगाखेडच्या पुलावर जाळी घेऊन निघालेल्या एका भोई काकांनी विचारले होते, "काय करायलाव ताई, पाणी प्यायला न्यायलाव का?" पाण्यातला दगड मोजतोय, असे मी म्हणाले. त्यावर त्यांनी पुराच्या लोंढ्याकडे बोट दाखवून दगड तर तिकडे चाललाय, असे शांतपणे सांगितले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. गाळाच्या रूपाने वाहणारा खडक डोळ्यांना दिसतो आणि विरघळलेला दिसत नाही, एवढाच फरक. पण हवेतला कार्बन बांधून नेणारा तो न दिसणारा भाग आहे.

बायकार्बोनेट मोजण्यासाठीचे अनुमापन नदीकाठीच करावे लागे. पाणी बाटलीत प्रयोगशाळेपर्यंत नेले तर त्यातून कार्बन डायऑक्साइड निसटतो, चुनखडीने भरलेल्या पाण्यात तळाशी पांढरी साय धरू शकते आणि मूळ आकडा हाती लागत नाही. म्हणून ब्युरेट, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सामूमापक बरोबर घेऊन, सामू ४.५ च्या आसपास उतरेपर्यंत थेंबाथेंबाने आम्ल सोडायचे. या ठिकाणी रिओ नेग्रोची आठवण प्रत्येक वेळी होई. आमचे अनुमापन ज्या सामूला संपते, जवळपास त्याच सामूचे पाणी ती नदी मुळात वाहून आणते. म्हणजे तिच्यात बायकार्बोनेट मोजण्यासारखे उरलेलेच नसते. तिचा चहासारखा तपकिरी रंग आणि आम्लता ही वाळूमय जमिनीतून झिरपलेल्या पालापाचोळ्याच्या सेंद्रिय आम्लांची देणगी आहे. मनाउस शहराजवळ ती फिकट, गढूळ सोलिमोइसला, म्हणजे ॲमेझॉनच्याच वरच्या प्रवाहाला, मिळते तेव्हा दोन्ही पाणी काही किलोमीटर न मिसळता शेजारी-शेजारी वाहतात. सोलिमोइसचे पाणी अँडीज पर्वतातून येते आणि त्याचा सामू ७ च्या जवळ असतो. हवामान तेच, पाऊस भरपूर दोन्हीकडे. फरक पडतो तो उगमाकडच्या खडकाचा आणि उताराचा.

प्रयोगशाळेतल्या कामात सिलिकेचे मापन मला सर्वांत आवडले. मॉलिब्डेट घातल्यावर पाणी पिवळसर होते, क्षपण केल्यावर निळे होते आणि निळाईच्या गडदपणावरून वर्णपटमापक सिलिकेचे प्रमाण सांगतो. आमच्या नद्यांत सांडपाण्याचे फॉस्फेट असते आणि तेही मॉलिब्डेटशी तसाच रंग देते. म्हणून मधल्या पायरीला ऑक्झॅलिक आम्ल घालून फॉस्फेटचा वाटा मोडून काढावा लागतो. धातूंचे आणि ऋण आयनांचे मापन दुसऱ्या संस्थेतील उपकरणांवर झाले. त्यासाठी पाळी लागेपर्यंत थांबावे लागले, याहून त्यात सांगण्यासारखे काही नाही.

आकडे आले की पहिली कसोटी विद्युतभाराची असते. पाणी उदासीन असते, तेव्हा धन आयनांच्या भाराची बेरीज ऋण आयनांच्या भाराच्या बेरजेइतकीच आली पाहिजे, आणि पाच टक्क्यांहून मोठी तफावत आली तर तो नमुना संशयित धरायचा. गोदावरीच्या पाण्यात हा ताळा साधारणपणे जुळतो, कारण बायकार्बोनेटचा वाटा मोठा असतो. वर्षावनांतील काळ्या पाण्याच्या नद्यांत मात्र नेहमीच्या ऋण आयनांची बेरीज तोकडी पडते. उरलेला ऋण भार सेंद्रिय आम्लांच्या रेणूंवर असतो आणि नेहमीच्या तपासणीत तो दिसतच नाही. तिथे ताळा न जुळणे ही मापनातली चूक नसून पाण्याचा गुण असतो.

यानंतर पावतीवरच्या परक्या नोंदी खोडण्याचे काम सुरू झाले. पाऊस स्वतःच थोडे मीठ घेऊन येतो, म्हणून विभागाच्या गच्चीवर स्वच्छ नरसाळे आणि बाटली लावून आम्ही पावसाचेही नमुने घेतले होते. बेसाल्टमध्ये क्लोराइड जवळजवळ नसते. तेव्हा ओढ्याच्या पाण्यात जेवढे क्लोराइड, तेवढे पावसाचे, असे धरून त्या प्रमाणात सोडियम व इतर आयन वजा करता येतात. मुख्य नदीला हा सरळ हिशेब लागू पडत नाही. शहरांच्या सांडपाण्यात मीठ असते, उसाच्या व कापसाच्या शेतांतून नायट्रेट आणि सल्फेट उतरते, आणि पैठणच्या खालच्या पाण्यात तर जायकवाडीच्या नाथसागरात घालवलेल्या मुक्कामाची खूण असते. मोठ्या जलाशयात डायाटम नावाचे सूक्ष्म शैवाल आपल्या कवचांसाठी सिलिका वापरते आणि मेल्यावर ती तळाशी घेऊन जाते. धरणाखालच्या पाण्यात सिलिका कमी आढळली म्हणून वरच्या भागात खडक कमी झिजतो, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. निर्जन ओढ्यांचे महत्त्व इथे पुन्हा पटले.

खरी गुंतागुंत कॅल्शियमची निघाली. उन्हाळ्याकडे सरकताना पाण्याची विद्युतवाहकता वाढत जाते. ही वाढ केवळ बाष्पीभवनाची असेल तर सगळे आयन क्लोराइडच्याच प्रमाणात वाढायला हवेत. सोडियम तसे वागते, कॅल्शियम वागत नाही. ते मागे राहते. कारण आमच्या पायाखालीच आहे. काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे म्हणजे याच कॅल्शियमचा वाटेत बसलेला भाग. बेसाल्टमधून सुटलेले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट कोरड्या ऋतूत मातीतच कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतात. त्या क्षणी पकडलेल्या कार्बनचा अर्धा भाग हवेत परत जातो आणि अर्धा शेतातच दगड होऊन राहतो. मुळात समुद्रात व्हायचा तो व्यवहार परभणी-जालन्याच्या मळ्यात उरकला जातो, आणि नदी मोजणाऱ्याला त्याचा पत्ताच लागत नाही. ही क्रिया टोकाला गेली की काय होते ते मराठवाड्याच्या वेशीवर, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरात पाहायला मिळते. बेसाल्टच्या त्या विवरातून पाण्याला बाहेर वाट नाही; कॅल्शियम आधी चुनखडी होऊन तळाशी बसते, सोडियम आणि कार्बोनेट पाण्यात उरतात व पाण्याचा सामू १० च्या घरात जातो. मराठवाड्यातली चोपण जमीन याच वाटेवरचा अलीकडचा मुक्काम आहे, असे मी समजते.

रोनाल्ड गिब्ज यांनी १९७० मध्ये जगातील पाण्यांची एका आलेखावर मांडणी केली आणि पाण्याचे रसायन ठरवणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या: पर्जन्य, खडक आणि बाष्पीभवन. या आलेखाच्या सुलभीकरणावर पुढे बरीच टीका झाली आहे आणि ती मला मान्य आहे, परंतु आपले नमुने त्यावर टाकून पाहणे उद्बोधक ठरते. रिओ नेग्रो पर्जन्याच्या कोपऱ्यात बसते. आमचे पावसाळी नमुने खडकाच्या पट्ट्यात येतात आणि एप्रिल-मे मधले बाष्पीभवनाच्या दिशेने सरकतात. तेव्हा उन्हाळ्यातला तो भरभक्कम आकडा खडकाची झीज सांगत नाही. तो मुख्यतः उडून गेलेले पाणी सांगतो.

ही गोष्ट ध्यानात आल्यावर प्रति लिटर आकड्यांच्या तक्त्याला मी गौण स्थान दिले. झिजेचा वेग काढायचा तर पाण्यातील प्रमाणाला विसर्गाने गुणावे लागते आणि खोऱ्याच्या क्षेत्रफळाने भागावे लागते. केंद्रीय जल आयोगाची ढालेगाव, गंगाखेड अशी मोजणी केंद्रे गोदावरीवर आहेतच. त्यांच्या विसर्गाच्या नोंदी आमच्या प्रमाणांशी जोडल्यावर वर्षाचे चित्र पार बदलले. पुराच्या दिवसांतले पाणी प्रति लिटर पातळ असते, पण विसर्ग इतका प्रचंड असतो की वर्षभरात वाहून जाणाऱ्या विरघळलेल्या खडकाचा सर्वांत मोठा वाटा त्या मोजक्या आठवड्यांतच निघून जातो. उन्हाळ्यातील डोहांचा वाटा नगण्य ठरतो. नमुने गोळा करायला सोयीचा म्हणून कोरडा ऋतू निवडणाऱ्या अभ्यासांविषयी तेव्हापासून मी फारशी उदार राहिलेले नाही.

हाच हिशेब वर्षावनाला लावला की सुरुवातीची विसंगती अर्धी सुटते. ॲमेझॉनचा सरासरी विसर्ग सेकंदाला सुमारे २ लाख घनमीटर आहे. खोऱ्याच्या क्षेत्रफळावर पसरला तर वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर उंचीचे पाणी जमिनीवरून निघून जाते. संपूर्ण गोदावरी खोऱ्याचे क्षेत्रफळ ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर आणि वार्षिक प्रवाह सुमारे ११० घन किलोमीटर धरला तर ती उंची ३५० मिलिमीटरच्या आसपास येते. मराठवाड्यापुरते पाहिले तर आकडा आणखी खाली उतरेल. पाणी तिप्पट वाहत असेल तर प्रति लिटर प्रमाण तिसऱ्या हिश्शाइतके असूनही झीज सारखीच भरते.

उरलेली अर्धी विसंगती मातीच्या जाडीने सुटते. स्टॅलर्ड आणि एडमंड यांनी १९८० च्या दशकात ॲमेझॉनच्या उपनद्या तपासून दाखवले की सपाट ढालप्रदेशांत, म्हणजे अतिप्राचीन, स्थिर खडकांच्या भागांत, मातीचे थर इतके जाड आणि धुऊन निघालेले असतात की पाण्याला ताजा खडक भेटतच नाही. तिथे उष्णता आहे, पाऊस आहे, आम्लही आहे. विरघळण्याजोगे खनिज तेवढे उरलेले नाही. उरली आहे ती केओलिनाइट ही चिकणमाती, लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे आणि क्वार्ट्झ. गिब्ज यांनी १९६७ मध्येच काढलेल्या हिशेबानुसार ॲमेझॉनच्या तरंगत्या गाळापैकी सुमारे ८२ टक्के गाळ खोऱ्याच्या केवळ १२ टक्के क्षेत्रातून, म्हणजे अँडीजमधून, येतो. उतार तीव्र असला की माती सरकत राहते आणि खाली दबलेला ताजा खडक पाण्यापुढे येतो. गौताळ्याच्या ओढ्यात हेच लहान मापावर दिसते. तिथे काठावरच्या बेसाल्टचे गोळे कांद्यासारखे पापुद्रे सोडीत झिजतात, बाहेर मऊ मुरूम आणि आत काळा ठणठणीत गाभा असतो, आणि उताराने मुरूम वाहून नेला की पुढचा पापुद्रा पाण्याला मोकळा मिळतो.

तुलनेसाठी सर्वांत योग्य जागा मात्र ॲमेझॉन नव्हे, असे माझे मत झाले आहे. ज्या तप्तस्थळाच्या, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्य वर येण्याच्या जागेच्या, लाव्हाने दख्खन घडले असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात, तेच आज हिंदी महासागरातील रेयुनियन बेटाखाली आहे. म्हणजे खडकाचे कूळ तेच, वय मात्र अगदी कोवळे, उतार उभे आणि वर दमट उष्ण प्रदेशाचे अरण्य. १९६६ च्या जानेवारीत या बेटावर फोक-फोक येथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला होता, म्हणजे मराठवाड्याचा दोन वर्षांहून अधिक पाऊस एका दिवसात. तिथल्या नद्यांवरील अभ्यासांत बेसाल्टच्या रासायनिक झिजेचे आणि कार्बन डायऑक्साइड खर्ची पडण्याचे दर जगातील चढ्या दरांमध्ये गणले जातात. सिलिकेट खडकांच्या विदारणाने जमिनीवर जेवढा कार्बन डायऑक्साइड बांधला जातो, त्यातला जवळपास एक तृतीयांश वाटा बेसाल्टचा आहे, असा अंदाज २००३ मध्ये डेसेर आणि सहकाऱ्यांनी मांडला. जमिनीवरचे बेसाल्टचे क्षेत्र मात्र त्या मानाने फार थोडे आहे. देगलूरच्या ग्रॅनाइटवरचा ओढा आणि गौताळ्याचा ओढा शेजारी ठेवले की बेसाल्टच्या या वेगळेपणाची खूण इथेही दिसते. बेसाल्टवरच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम सोडियमच्या तुलनेत ठळकपणे वर असतात, ग्रॅनाइटच्या पाण्यात सोडियमचे पारडे जड होते.

प्रबंधाचा जो मसुदा मी सरांकडे दिला त्यात मासिक सरासरीचा तक्ता काढून टाकून विसर्गाने भारित केलेली सरासरी ठेवली आहे, आणि मातीत बसलेल्या चुनखडीचा हिशेब स्वतंत्र प्रकरण म्हणून मांडला आहे. सरांनी मसुद्यावर एकच शेरा लिहिला: पुराच्या चढत्या आणि उतरत्या पाण्याचे नमुने वेगवेगळे हवेत. चढत्या पाण्यात मातीत साठलेले क्षार आधी धुऊन येतात, उतरत्या पाण्यात खडकातून झिरपलेले पाणी अधिक असते, आणि दोन्ही एकाच सरासरीत घातले की फरक पुसला जातो, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात पूर्णेवर, पाणी चढू लागल्यापासून ओसरेपर्यंत, काही तासांच्या अंतराने बादली सोडायची आहे. मामांनी बाटल्या आम्लात टाकायला घेतल्या आहेत.